कप उत्तम, पण खुर्ची कुणाची?

(जासई येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एक जण हसला. म्हणाला, "मॅडम, जासईत कॉफीहाऊसवर बोलणार? इथं ट्रेलरवाल्यांना कटिंग पुरत नाही!" (हशा)

बरोबर आहे त्याचं. दास्तान फाट्याला उभं राहून कॉफी मागा. पुडी फाडतील, दुधात टाकतील, चमच्याने ढवळून देतील. झाली कॉफी. लग्नात आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती आठवा. वाफेची नळी खसखस करते, दुधाला फेस येतो, वर चॉकलेटची पावडर भुरभुरतात. मला ती अजून आवडते, पण इटलीतल्या माणसाला ती एस्प्रेसो म्हणून दिली तर तो भांडायला येईल. आणि पुण्या-मुंबईच्या मराठी घरांतली कॉफी म्हणजे दूध, साखर आणि जायफळ. तिच्यात कॉफी नावापुरती.

मग हा विषय कशाला? कारण आपली मुलं आता कॉफीहाऊस शोधायला लागलीत. उलवे, सीवूड्स, नेरूळ, बेलापूर. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल आली. सेतू उतरतो इथं शेजारी, चिर्ल्याला. समोर मुंबई दिसते. पण त्या जवळपास बावीस किलोमीटरच्या पुलावर दुचाकीला बंदी, म्हणजे आपल्या पोराची बाईक काही जात नाही. ज्याच्याकडे गाडी आहे तोच पुलावरून मुंबईला कॉफी प्यायला जाणार. बाकीचे नेरूळ नाहीतर बेलापूरला गाडी बदलून जाणार, नाहीतर इथंच काहीतरी शोधणार.

शोधतात कसं? फोनवर. जवळचा उत्तम कॅफे म्हणून टाकायचं, यादी येते. चार पूर्णांक सहा, चार पूर्णांक चार. या याद्यांवर माझा राग आहे, तो आधी काढून टाकते. त्यात कपाचा फोटो असतो, फेसावरचं पान असतं, भिंतीवरचा झोपाळा असतो. आत शिरल्यापासूनची पहिली पंधरा मिनिटं त्या यादीत असतात. कप रिकामा झाल्यावर काय होतं, ते कुठल्याच ताऱ्यात येत नाही. आणि माझ्या मते कॉफीहाऊसची परीक्षा तिथून सुरू होते. चांगली कॉफी घरीही करता येते हो. बाहेर आपण बसायची जागा विकत घेतो, ती किती वेळ मिळते आणि कुणाला मिळते, हे बघायला हवं.

थोडं मागे जाऊ. मुंबईतलं पहिलं इंडिया कॉफी हाऊस १९३६ साली चर्चगेटला उघडलं. उघडलं कुणी? कॉफी सेस कमिटीनं. मंदीत मळेवाल्यांची कॉफी पडून होती, देशातल्या लोकांना ती प्यायची सवय लावायची होती. म्हणजे ज्या कॉफीहाऊसच्या आठवणींनी लोक हळवे होतात, ते मुळात जाहिरातीचं दुकान! पुढे पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्ड ही दुकानं बंद करायला निघालं. तेव्हा नोकरी जाणाऱ्या कामगारांना ए. के. गोपालन यांनी सहकारी संस्था काढायला लावल्या, आणि १९५७ पासून बंगळुरू, दिल्ली, मग केरळ अशी इंडियन कॉफी हाऊस पुन्हा उभी राहिली. तिथे तुरेवाला फेटा बांधून कप आणून देणारा माणूसच मालकांपैकी एक असतो. हल्ली पाटीवर 'स्वतंत्र' लिहितात, त्यांच्यापैकी कितींना हे जमेल?

इराण्यांचं नाव निघणारच. कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. पण इराणी म्हणजे चहाचं घर, ब्रून मस्का आणि चहा. कॉफीचं म्हणाल तर मुंबईला ती प्यायला शिकवली माटुंग्यानं. तिथल्या दुकानात कॉफी दळून देताना विचारतात, चिकोरी किती टक्के घालू? हा प्रश्न विचारणारा दुकानदार मला देवमाणूस वाटतो. पाकिटावरही ते छापावंच लागतं. चिकोरी मिसळलेल्या पुडीत निदान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे असा नियम आहे. पुढच्या वेळी आपल्या पाकिटाची मागची बाजू वाचा, थोडा धक्का बसेल.

किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० पासूनचं. डिकॉक्शनचा वास, वाटीत ओतून पुन्हा पेल्यात घ्यायची पद्धत, त्या कपाला तोड नाही. पण रविवारी सकाळी जा. बाहेर नावं पुकारतात. आपला शेवटचा घोट होतोय तोवर पुढच्याचं नाव पुकारलेलं असतं. कप उत्तम, खुर्ची पळती. मी त्याला दोष देत नाही, ते खाण्याचं घर आहे. पण त्याला कॉफीहाऊस म्हणू नका.

बसायची जागा म्हणजे काळा घोड्याचं वेसाइड इन. अरुण कोलटकर दर गुरुवारी दुपारी मित्रांबरोबर तिथे बसत. रस्त्यावरचं जे त्या खिडकीतून दिसलं, त्यातून २००४ साली 'काळा घोडा पोएम्स' आलं. किंवा जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार. १९६४ मध्ये उषा खन्नांनी सुरू केलेलं, रेल्वेच्या डब्यासारखं लांबोळकं. एक चहा घेऊन चित्रकार तासन्‌तास बसायचे. समोवार २०१५ ला बंद झालं, वेसाइड त्याच्या आधीच. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बंद झालं का समोवार? मुळीच नाही. जागा गेली.

इथे माझा खरा मुद्दा येतो. वेसाइड काय, इराणी काय, ही घरं पावाच्या चवीवर जगली नाहीत. जुन्या भाड्यावर जगली. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, पागडीची जागा होती, म्हणून मालकाला एका कपावर दोन तास बसणारा माणूस परवडला. हिशोब करून बघा. वीस खुर्च्या, साठ रुपयांचा कप, प्रत्येक जण दोन तास बसतो, दुकान दहा तास उघडं. एकही खुर्ची रिकामी राहिली नाही तरी दिवसाचे शंभर कप, सहा हजार रुपये. खुर्च्या अर्ध्याच भरतात, म्हणजे तीन. त्यातून दूध, पावडर, दोन पोरांचा पगार, वीज. वर नव्या भाड्याचा गाळा असेल तर महिन्याच्या दहा तारखेलाच मालक गिऱ्हाइकाकडे डोळे वटारून बघणार.

मलाही असं बघितलंय. मी फोर्टात नोकरी केली, मोऱ्याहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला. तेव्हा इराण्याकडे बाई एकटी गेली की तिला फॅमिली रूमकडे बोट दाखवायचे. लाकडी फळ्यांची खोली. पंखा बहुतेक नसायचा. तरी बसता यायचं, कुणी उठवायचं नाही. मग इतक्या वर्षांनी, नवी मुंबईतल्या एका कॅफेत मी आईला घेऊन गेले. नाव सांगत नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'लोकल'. आई आपल्या आगरी पद्धतीच्या लुगड्यात. मुलानं मेन्यू माझ्या हातात दिला, आईकडे बघितलंही नाही. वीस मिनिटांत न मागता बिल आलं. शेजारी लॅपटॉपवाला आमच्या आधीपासून बसला होता, त्याच्यापुढे फक्त पाण्याचा ग्लास. आई बाहेर आल्यावर म्हणाली, "हे आपल्याच शेतात बांधलंय ना?"

(थोडा वेळ शांतता)

पुढच्या आठवड्यात तिला मुद्दाम एका मोठ्या साखळीच्या दुकानात नेलं. कॉफी जळकी होती, पेला कागदी, किंमत सांगायला नको. पण दोन तास कुणी हललं नाही, विचारलं नाही. आई एसीत छान झोपली! (हशा) म्हणून साखळी दुकानांना सरसकट नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. टपरीवर आपल्या मुली बसू शकत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. साखळीनं त्यांना खुर्ची दिली, आणि आपण फक्त कपाच्या किमतीवरून टोमणे मारतो.

आता 'स्थानिक' या शब्दाकडे येते. दुसरीकडे हा शब्द पाटीची शोभा असेल. हे दि. बा. पाटलांचं गाव आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथं काय झालं, ते जासईत मी सांगायची गरज नाही. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. त्यावर इमारती उभ्या राहिल्या, तळमजल्याला गाळे निघाले. आज त्या गाळ्यांत कॉफी कोण विकतंय? भाडं आपल्याला येतं, खुर्ची परक्याची असते, आणि यादीत ते 'उत्तम लोकल' म्हणून झळकतं. भाडं घेऊ नका असं मी म्हणत नाही. मुलांच्या फिया त्यातूनच जातात. पण मघाचा हिशोब आठवा. कॉफीहाऊसला ज्या एका गोष्टीनं जगवलं, ती जागा या तालुक्यात अजून काही जणांच्या हातात आहे. मुंबईत ती आता कुणालाच मिळत नाही.

तोवर तुम्ही शोधायला निघालात तर मी काय करते ते सांगते. यादी बघते, पण पहिले पाच सोडून देते. मंगळवारी किंवा बुधवारी चार वाजता जाते, एकटी, साध्या कपड्यांत. सगळ्यात साधी कॉफी मागते. विचारते, दाणे कुठले, भाजले कधी? चिकमगळूर, कूर्ग, अराकू काहीही सांगू दे, पण भाजल्याची तारीख सांगता आली तर त्या माणसाला मी अर्धे गुण तिथेच देते. कप संपवते आणि पुस्तक काढते. बघते, मुलगा किती वेळा फडकं मारायला येतो. एकदा आला तर स्वच्छता. तीनदा आला तर इशारा. आणि आजूबाजूला कोण बसलंय? सगळे एकाच वयाचे, एकाच बुटांचे दिसले तर मी परत जात नाही, कॉफी कितीही छान असो.

प्रश्न आहे का कुणाचा? हो, मागे, विचार बाळा.

(श्रोत्यांतून: आमचा साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर गाळा आहे. कंपनीवाले भाड्यानं मागतायत. मी स्वतः कॉफीहाऊस काढलं तर चालेल का?)

नुसत्या कॉफीवर नाही चालणार, खोटं कशाला सांगू. सकाळी ड्रायव्हर लोकांना चहा आणि भाकरी-आम्लेट दे, त्यावर वीजबिल निघेल. दुपारी दोनच्या पुढे खुर्च्या मोकळ्या होतील, त्या वेळेला अभ्यासाची मुलं-मुली बसू दे, एका कपावर. घरच्यांना आधी सांग की पहिली दोन वर्षं भाडं सुटणार नाही. ते पटलं नाही तर काढू नकोस, कंपनीला देऊन टाक, त्यात कमीपणा नाही. आणि काढलंस तर दोन-तीन लाखांचं मशीन लगेच घेऊ नकोस, पितळेचा फिल्टर पुरेल. आधी बायकांसाठी कडी नीट लागणारं, पाणी असलेलं बाथरूम बांध.