मका कोणाचा?

'द वाइज लिटल हेन' या सात-आठ मिनिटांच्या व्यंगचित्रपटाविषयी प्रेक्षकांचे मत फार पूर्वीच ठरून गेले आहे. कोंबडी शहाणी, डुक्कर आणि बदक ऐतखाऊ, आणि शेवटी ज्याचे त्याला मिळाले. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने १९३४ साली काढलेला हा चित्रपट आज पाहणारेही याहून निराळे क्वचितच बोलतात. फार तर, डोनाल्ड डक पडद्यावर प्रथम आला तो इथेच, एवढी माहिती पुरवतात. मला या मताचीच झडती घ्यावयाची आहे.

गोष्ट अशी. कोंबडीला मका पेरायचा आहे. ती पीटर डुकराकडे व मग डोनाल्डकडे मदत मागायला जाते. हे दोघे 'आयडल अवर क्लब'चे, म्हणजे रिकामटेकड्यांच्या मंडळाचे सभासद. दोघेही पोट धरून कण्हू लागतात. कोंबडी पिल्लांना घेऊन पेरते. कापणीच्या वेळी पुन्हा तेच सोंग, पण या खेपेस बिंग फुटते. मग ती मक्याचे नाना पदार्थ रांधते आणि खायला मदत करता का, असे विचारायला जाते. पोटदुखी तत्क्षणी पळते. हाती पडते ते एरंडेल!

वर्गात मी हा चित्रपट दाखवला तेव्हा एरंडेलापाशी पोरे खदखदून हसली. मीही हसलो. नंतर मते विचारली. बहुतेकांनी 'कष्ट करील तोच खाईल' हे शाळेपासून पाठ असलेले वाक्य म्हटले. एक मुलगी म्हणाली, एवढं रांधलं होतं, थोडं द्यायला काय झालं असतं? मागच्या बाकावरचा एकजण, जो सुट्टीत आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो, म्हणाला, "सर, वाटा किती देणार ते तिनं आधी सांगितलंच नाही."

मी चित्रपट पुन्हा पाहिला. खरोखरच सांगितलेले नाही. मका तिचा, मदत मात्र शेजाऱ्यांची, आणि वाट्याचा शब्द नाही.

माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिचे पोट खरेच दुखे तेव्हाही बांधावरून एकच शब्द येई: सोंग. त्या दिवसाचा रोज बुडे. म्हणून या चित्रपटातल्या पोटदुखीला हसताना माझे हसू अर्ध्यावर अडते. तथापि डोनाल्डला बंडखोर मजूर ठरवण्याचा मोह मी टाळतो. आमच्यातल्या काही समीक्षकांना असा मोह फार लवकर होतो. डोनाल्ड आळशीच आहे, लबाडही आहे. कोंबडीही जमीनदारीण नव्हे. ती स्वतः राबते, पिल्लांना राबवते. माझे भांडण तिच्याशी नाही. या अंगणातला न्याय हाच जगाचा न्याय असे मानून घरी जाणाऱ्या प्रेक्षकाशी आहे.

कारण १९३४ च्या अमेरिकेत मका कसा पिकत होता? मंदीने धान्याचे भाव कोसळले होते. म्हणून १९३३ साली सरकारने सुमारे साठ लाख डुकरे विकत घेऊन मारविली, आणि १९३४ च्या हंगामात मक्याचे क्षेत्र कमी करणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देऊ केले. पडद्यावरची कोंबडी पेरण्यासाठी दारोदार फिरत होती, आणि खऱ्या शेतकऱ्याला न पेरण्याचे पैसे मिळत होते! दक्षिणेकडील कापसाच्या पट्ट्यात तर ते पैसे बहुधा जमीनमालकाच्याच खिशात राहिले व वाट्याने कसणारी कुटुंबे, काळी आणि गोरीही, जमिनीवरून हुसकली गेली. चित्रपट जूनमध्ये आला. पुढच्याच महिन्यात आर्कान्सातील टायरॉन्झा येथे काळ्या व गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' स्थापन केली. पेरणारे तेच, कापणारे तेच, आणि ताटाशी मात्र त्यांना जागा नाही. त्यांनी कोणते पोटदुखीचे सोंग केले होते?

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या मतांत येत नाही, कारण ती पडद्यावरच येत नाही. श्रमाची थोरवी सांगणाऱ्या या चित्रपटाच्या पाटीवर नाव आहे ते वॉल्ट डिस्ने यांचे. दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन यांचे नाही, कोंबडीला आवाज देणाऱ्या फ्लॉरेन्स गिल यांचे नाही. बदकाचा तो चिरका आवाज क्लॅरेन्स नॅश यांचा, त्यांचेही नाही. त्या काळी स्टुडिओचा रिवाजच तसा होता. आळशी डोनाल्डला हालते अंग दिले ते आर्ट बॅबिट आणि डिक ह्यूमर यांच्या हातांनी. यांतले बॅबिट मे १९४१ मध्ये कामावरून काढले गेले आणि स्टुडिओतील चित्रकारांच्या संपाचे पुढारी झाले. पगार आणि युनियन यांच्याबरोबर पडद्यावर नाव हाही त्या भांडणातला एक मुद्दा होता. कामचुकार बदक रेखाटणारा हात आपल्या कामाचा वाटा मागत होता, हे कळल्यावर मला एरंडेलाचा तो प्रसंग पूर्वीसारखा पाहता येईना.

यंदा चित्रपट लावण्याआधी मी ही पाच नावे फळ्यावर लिहिली. पहिल्या बाकावरच्या मुलाने वही उघडली आणि विचारले, "सर, हे परीक्षेला आहे का?"