जुनीं छायाचित्रें आणि धाराशिवच्या जत्रा

जुन्या छायाचित्रांचे संग्रह हल्लीं पुस्तकांतून व प्रदर्शनांतून पुष्कळ पाहावयास मिळतात. ते चाळतांना रसिक बहुधा इमारती, मोटारी आणि पोषाख ओळखण्यांत रमतो. आमच्या मतें अशा चित्रांची कसोटी निराळी आहे. त्यांतील माणसें मोकळेपणीं बसलीं आहेत, कीं कोणाच्या हुकुमानें उभीं आहेत, हें आधीं पाहावें.

या कसोटीस धाराशिव जिल्हा लावून पाहण्यासारखा आहे. तेथें विद्वानांची नजर फार लवकर पोंचली. जेम्स बर्जेस यांनीं १८७५-७६ च्या हंगामांत धाराशिवचीं लेणीं तपासलीं व १८७८ मध्यें अहवाल छापला. पुढें हेन्री कझिन्स यांनीं तेरच्या विटांच्या देवळाकडे लक्ष वेधलें. या कामाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु अशा पाहणीच्या चित्रांत माणूस आलाच तर तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून! त्याचें नांव, गांव, त्या दिवशींची त्याची मजुरी यांच्याशीं अहवालास कर्तव्य नसतें.

शतकाच्या मध्यावर कॅमेरा पुन्हां या वाटेनें आला तो फौजेबरोबर. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सोलापुराहून निघालेल्या सैन्यानें पहिल्याच दिवशीं नळदुर्ग घेतला. त्या आठवड्याचीं गाजलेलीं चित्रें रणगाड्यांचीं व शरणागतीचीं आहेत. मागाहून उसळलेल्या हत्याकांडाची चौकशी सुंदरलाल समितीनें केली. सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिनें तेव्हांचा उस्मानाबाद जिल्हा गणला. तो अहवाल कित्येक दशकें बंद राहिला.

माणसांच्या करमणुकीकडे आपुलकीनें पाहणारी नजर कशी असते, हें समजण्यासाठीं मुंबईकडे वळावें लागतें. होमाई व्यारावाला यांचें १९३८ च्या सुमाराचें पहिलें छापलेलें काम म्हणजे मुंबईच्या एका महिला मंडळाची सहल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’नें चित्रामागें एक रुपया दिला. होमाईबाई तेव्हां पंचविशींतल्या, त्याच शहरांत चित्रकला शिकलेल्या. त्यांच्यापुढें सहलीच्या बायकांस अवघडून बसण्याचें कारण नव्हतें. आमच्या दृष्टीनें त्यांच्या आरंभींच्या चित्रांचें सामर्थ्य याच आपलेपणांत आहे. प्रकाशयोजनेचें कौतुक त्यानंतर. हें जग सुखवस्तु होतें, हेंही खरें. आणि गंमत अशी कीं, त्यांचीं सुरुवातीचीं कित्येक चित्रें पतीच्या नांवानें छापलीं गेलीं!

धाराशिवकडे करमणुकीची वाण नव्हती. येरमाळ्यास चैत्रांत येडेश्वरीची यात्रा, तेथें चुनखडी वेंचणारी गर्दी. तुळजापुरास आश्विनांतील नवरात्र व पौर्णिमेस पायीं येणारे लोक. धाराशिव शहरांत ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस. पावसाळ्यांत नळदुर्गास नर-मादी धबधबे. शेजारीपाजारी एका पालाखालीं भजीं खात बसल्याचें एखादें साधें चित्र रणगाड्याच्या दहा चित्रांइतकें बोलकें ठरेल. १९४८ मध्यें काय मोडलें, हें कळावयास आधीं काय नांदत होतें तें दिसलें पाहिजे.

असलीं चित्रें असावयाचीं तर घरोघरच्या पेट्यांत: तालमीचा जथा, शाळेचें संमेलन, जत्रेंत रंगविलेल्या पडद्यापुढें काढलेली जोडी. वाटण्या होतात, वाडे पडतात आणि हीं प्रथम रद्दींत जातात. पुष्कळ घरीं तीं हौसेनें चिकटपट्टीच्या आल्बमांत लावतात. तो गोंद कागद खातो. शाईही मागून फुटते. म्हणून चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां, गांव, साल व डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें लिहावींत. कडेला अर्धा कापला गेलेला हलगीवाला असेल तर त्याचेंही.