विनोदाची जबाबदारी कुणाची? क्लबातली करमणूक आणि पर्यायी स्टँड-अप

एक माणूस माईकसमोर उभा राहून विनोद सांगतो आणि आपण हसतो. त्या विनोदाची जबाबदारी कुणाची? आज आम्हाला एवढाच प्रश्न हाताळायचा आहे, आणि त्यासाठी इंग्लंडात जावं लागेल.

१९७०च्या दशकात तिथल्या उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत कामगारांचे क्लब होते. बिअर, बिंगो, गाणी आणि मधूनमधून विनोदवीर. ग्रॅनाडा टेलिव्हिजनने १९७१मध्ये अशा विनोदवीरांना 'द कॉमेडियन्स' या कार्यक्रमात आणलं. मँचेस्टरचा बर्नार्ड मॅनिंग त्यातूनच घरोघरी पोचला. सासू, मठ्ठ आयरिश माणूस, पाकिस्तानी शेजारी, अशी पात्रं ठरलेली. एकाचा विनोद दुसरा बिनदिक्कत सांगे. विनोद सगळ्यांचा, म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही. कुणी हटकलंच, तर 'अहो, गंमत आहे' म्हणून मोकळं होता येई.

मे १९७९मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. त्याच महिन्यात लंडनच्या सोहो भागात, एका स्ट्रिप क्लबच्या वर, 'द कॉमेडी स्टोअर' सुरू झालं. अ‍ॅलेक्सी सेल तिथला पहिला सूत्रसंचालक. लोक कंटाळले की घंटा वाजे आणि कलाकाराला मुकाट उतरावं लागे. सेल, टोनी अ‍ॅलन वगैरे मंडळींनी 'ऑल्टरनेटिव्ह कॅबरे' हा गटही काढला. वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी विनोद करायचे नाहीत, हा या चळवळीचा दंडक सगळ्यांना ठाऊक असतो. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: आपलं आपण रचायचं आणि 'मी' म्हणून बोलायचं. विनोदाला धनी मिळाला, बरं का! आता 'गंमत आहे' म्हणून सुटता येईना.

ही किंमत किती असते, ते ट्रेव्हर ग्रिफिथ्सने १९७५च्या 'कॉमेडियन्स' या नाटकात आधीच दाखवलं होतं. मँचेस्टरमध्ये एडी वॉटर्स हा जुना विनोदवीर रात्रीचा वर्ग चालवतो. नुसतं हसवून भागत नाही, असं तो शिकवतो. परीक्षेच्या रात्री एजंट येतो, आणि काही शिष्य ऐनवेळी गुरूची शिकवण सोडून एजंटला रुचेल ते करतात. काम त्यांनाच मिळतं. त्यांना नुसतं नावं ठेवून चालणार नाही. पोटाचा प्रश्न होता.

आता हॉब्ज आठवा. दुसऱ्याचं उणेपण दिसलं की स्वतःचा मोठेपणा अचानक जाणवतो, आणि त्यातून हसू फुटतं, असं तो म्हणतो. क्लबातल्या हसण्याला हे चपखल बसतं. पण थॅचरविरोधी श्रोत्यांपुढे थॅचरबाईंची टिंगल केली तर? सत्तेवरच्या बाईंना टोचणं आणि शेजारच्या स्थलांतरिताला टोचणं यांत नैतिक फरक आहेच. तरी ऐकणाऱ्याचं समाधान तेच: आपण शहाणे, ते मूर्ख. अशा वेळी हसण्यापेक्षा टाळ्या जास्त पडतात. तिथे पर्यायी विनोदही क्लबातला होतो.

उलट लेस डॉसन बघा. क्लबांतून वर आलेला, सासूवरचे विनोद सांगणारा. पण पियानो मुद्दाम बेसूर वाजवायचा आणि फजितीत पहिला स्वतः उभा राहायचा. तेव्हा पाटीवर जाऊ नका.

कॉमेडी स्टोअरची शाखा २०१०मध्ये मुंबईत आली, तीही लोअर परळला, गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये. त्यानंतर आपल्याकडे 'मी' म्हणून बोलणारे पुष्कळ झाले, आणि त्यांतले काही खरोखर धाडसी आहेत. पण 'माझी आई', 'माझं लग्न', 'माझं नैराश्य' हेही आता कधीकधी जुन्या सासूसारखं ठरलेलं पात्र होऊन येतं. 'मी' म्हटलं म्हणजे माणूस बोललाच, असं होत नाही.

म्हणून आमची कसोटी ऐकणाऱ्यापाशी आहे. हसणं म्हणजे विनोदाखाली आपली सही. जबाबदारी सांगणाऱ्याची, तशी आपलीही. ज्या विनोदाने हसता हसता आपण स्वतःच कचाट्यात सापडतो, तो पर्यायी. मग तो सोहोत होवो की कामगारांच्या क्लबात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.