यंत्रकृत लेखांची पारख : एक परीक्षण

जुना कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं बनावट हा प्रश्न प्रथम विचारावा, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा होय. आजवर बनावट करणारा मनुष्यच असे. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें मागाल त्या विषयावर, मागाल त्या धाटणीचा लेख क्षणांत लिहून देऊं लागलीं आहेत. तेव्हां मनुष्याचा लेख कोणता व यंत्राचा कोणता हें ओळखण्याचें एक नवें शास्त्र विद्यापीठांतून उभें राहत आहे, व त्यांतील पुष्कळसें काम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनीं केलेलें आहे. कागदपत्रांच्या संग्राहकांशीं या कामाचा निकट संबंध असल्यामुळें त्याचे गुणदोष येथें पाहण्याचें योजिलें आहे.

या संशोधनाचे मुख्य मार्ग दोन. पहिला संभाव्यतेचा. मागील शब्द पाहून पुढें कोणता शब्द येणें अधिक संभवनीय, या हिशेबानें यंत्र लिहितें. म्हणून ज्या लेखांत सर्वत्र अपेक्षित शब्दच येतात तो यंत्राचा असावा, असें हें अनुमान आहे. या तत्त्वावर हार्वर्ड येथील व त्यांच्या सहकारी संशोधकांनीं २०१९ सालीं शब्दांस रंग देऊन दाखविणारें साधन तयार केलें. त्याच्या साह्यानें वाचकांचें यंत्रलेख ओळखण्याचें प्रमाण शेंकडा ५४ वरून ७२ वर गेलें. स्टॅनफर्ड येथील विद्यार्थ्यांनीं २०२३ सालीं हीच कल्पना पुढें नेली : लेखांतील शब्द थोडथोडे बदलून संभाव्यता कशी घटते तें पाहावें. दुसरा मार्ग खुणेचा. मेरीलंड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२३ सालीं सुचविलें कीं, यंत्रानें लिहितांनाच शब्दांच्या निवडींत गुप्त खूण ठेवावी. जुन्या विलायती कागदांतील जलचिन्हें ज्यांनीं उजेडासमोर धरून पाहिलीं आहेत, त्यांस ही युक्ति तत्काळ पटेल. परंतु यंत्राच्या कर्त्यानें खूण घातली असेल तरच ती सांपडणार. आणि मजकूर शब्दांतर करून लिहिला कीं ती फिकट होते.

या उद्योगांतील बुद्धिचातुर्याविषयीं आम्हांस आदर आहे. आमचा आक्षेप आहे तो निकाल देण्याच्या रीतीवर. चॅटजीपीटी हें यंत्र करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेंच जानेवारी २०२३ मध्यें एक पारखयंत्र प्रसिद्ध केलें. कंपनीच्याच परीक्षेंत त्यानें यंत्रलेखांपैकीं शेंकडा २६ तेवढे ओळखले, आणि मनुष्यांच्या लेखांपैकीं शेंकडा ९ यंत्राचे ठरविले. जुलैमध्यें तें मागें घेण्यांत आलें. शेंकडा ९ हा आंकडा लहान दिसतो. पण तोच हजार अस्सल पत्रांच्या दफ्तरास लावला तर नव्वद पत्रांवर विनाकारण बट्टा लागेल. त्याच वर्षीं स्टॅनफर्ड येथें अशा सात पारखयंत्रांची परीक्षा झाली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध त्यांपुढें ठेवले असतां सरासरी शेंकडा ६१ निबंध यंत्राचे ठरले. त्या बिचाऱ्यांचा अपराध एवढाच कीं, त्यांचा शब्दसंग्रह बेताचा होता.

आमच्या संग्राहकांस या दोषाचा अर्थ सहज कळेल. पेशवाईंतील कारकुनाचें पत्र घ्या. ‘विनंति उपरि येथील कुशल जाणून’ असा आरंभ, मग ‘विशेष’, मग मजकूर, शेवटीं ‘बहुत काय लिहिणें’. मायना ठरलेला, किताब ठरलेले, मिति घालण्याची रीत ठरलेली. हा ठरीवपणा आपण अस्सलपणाचें एक गमक मानतों. मायना चुकला म्हणजे आपणांस संशय येतो. संभाव्यतेच्या कसोटीस मात्र जितका ठरीवपणा अधिक तितका संशय अधिक. आमचा साक्षीदार तेथें आरोपी होतो.

दुसरा धोका याहून विलक्षण आहे. अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना कांहीं पारखयंत्रांनीं यंत्रलिखित ठरविल्याचें २०२३ सालीं उघडकीस आलें. कारण असें कीं, ती घटना यंत्रांच्या शिक्षणांत वारंवार आलेली असल्यानें तिचा शब्द न् शब्द त्यांस अपेक्षित वाटतो. हाच न्याय चालला तर जो जुना लेख अधिक वेळां छापला गेला, तोच बनावट ठरण्याचें भय अधिक.

यावर कोणी म्हणेल कीं, अंतर्गत पुराव्यावरूनच लॉरेन्झो व्हॅला यानें १४४० सालीं कॉन्स्टंटाइनचें दानपत्र खोटें ठरविलें ना? होय, परंतु त्यानें ‘सॅट्रप’सारखे कालविसंगत शब्द बोट ठेवून दाखविले, व ते कोणासही तपासतां येतात. पारखयंत्र देतें तो केवळ आंकडा. त्याची उलटतपासणी होत नाहीं. शिवाय कालविसंगति सांपडल्यानें लेख खोटा ठरतो. ती न सांपडल्यानें खरा ठरत नाहीं. १९८३ सालीं हिटलरच्या म्हणून पुढें आलेल्या रोजनिशा एका नामांकित इतिहासकारानें आरंभीं खऱ्या मानल्या होत्या. त्यांचें खोटेपण निर्विवाद सिद्ध झालें तें मुख्यतः युद्धोत्तर काळांतील द्रव्यें त्यांच्या कागदांत आढळल्यामुळें.

तात्पर्य, केवळ मजकुरावरून चालणारी ही पारख संशय उत्पन्न करण्यास उपयोगी आहे, निवाडा देण्यास नाहीं. या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांस आमची सूचना अशी कीं, खऱ्यास खोटें ठरविण्याचें प्रमाण त्यांनीं प्रथम सांगावें, आणि ठरीव धाटणीच्या जुन्या लेखनावर कसोटी लावून पाहिल्यावांचून ती सर्वत्र चालते असें म्हणूं नये. संग्राहकांस विनंति ही कीं, कागद कोणाच्या घरचा, कोणत्या सालीं, कोणाच्या हातून आला हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. मूळ कागद जपावा. नक्कल कोणी केली तें लिहावें, व मोडी वाचण्यास यंत्राचें साह्य घेतलें असल्यास तेंही नमूद करावें. उद्यां हुबेहूब पेशवाई थाटाचा मजकूर कोणीही क्षणांत तयार करील. त्या वेळीं अस्सल पत्राचा कैवार घेण्यास त्याचा कागद, त्याची शाई आणि त्याच्या प्रवासाची ही टिपणेंच उभीं राहतील.