शेरखानाचा आवाज आणि ऑगीची नक्कल

पारशिवनीहून कोलितमाऱ्याकडे निघालं की सागाचं रान दाट होत जातं आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाचं प्रवेशद्वार येतं. पलीकडे मध्य प्रदेशातलं शिवनी. रुडयार्ड किपलिंग त्या शिवनीत कधी आला नव्हता. 1894चं ‘द जंगल बुक’ त्याने इतरांच्या वर्णनांवर विसंबून लिहिलं. तरी हे जंगल आता मोगलीच्या नावाने ओळखलं जातं. जिप्सीत बसलेला चाळिशीतला पर्यटक वाघाची वाट बघताना गुणगुणतो, ते मात्र दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’ मालिकेचं शीर्षकगीत. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचं संगीत.

या आठवणींचं कौतुक भरपूर होतं, परीक्षण क्वचित. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ही 52 भागांची जपानी मालिका 1989ची; दूरदर्शनवर ती हिंदीत आली 1993 साली. आज पुन्हा बघा. धावण्याची तीच ती दृश्यं फिरून येतात. मोगलीच्या हातात बूमरँग आहे आणि मध्य भारतातल्या रानात चक्क हिमालयातला लाल पांडा बागडतो. पेंचचा वनरक्षक हे बघून पोट धरून हसेल.

मग टिकलं काय? पात्रं. नाना पाटेकरांनी शेरखानाला आवाज दिला, तो गुरगुरण्यापुरता नाही. त्यात गावच्या दांडग्या पाटलाचा तोरा आहे. त्याच्यापुढे शेपूट हलवणारा तबाकी कोल्हा म्हणजे त्या पाटलाच्या ओसरीवरचा होयबा. मराठी घरातल्या पोट्ट्यांना हिंदीतली ही जोडी ओळखीची वाटली, ती त्यामुळेच. डिस्नेच्या ‘टेलस्पिन’मध्ये किपलिंगचाच बालू अस्वल मालवाहू विमान उडवू लागला आणि शेरखान सूट घालून उद्योगपती झाला. वेश बदलला तरी बालूचा आळस आणि शेरखानाची शिकारी नजर कायम राहिली. विनोद निघतो तो प्राण्याच्या पिंडातून.

खरे प्राणी घेऊन केलेल्या विनोदाचं तसं नव्हतं. अमेरिकेत ‘मिस्टर एड’मधला बोलका घोडा 1961 ते 1966 गाजला. 1970च्या ‘लान्सलॉट लिंक’मध्ये चिंपांझींना कपडे चढवून गुप्तहेर केलं. आज ते बघताना हसूच येत नाही. आपल्याकडे अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून खेळ करण्यावर 1998 साली बंदी आली आणि 2001मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बरंच झालं.

उरल्या बाहुल्या आणि अ‍ॅनिमेशन. बाहुल्यांत रामदास पाध्यांचा लिज्जत पापडाचा ससा आठवा. जाहिरात काही सेकंदांची, तरी ससा आपल्या खिदळण्यासकट घराघरांत पोहोचला. असं पात्र घडवणारा माणूस आपल्याकडे असताना वाहिन्यांनी त्या कलेला मालिकेएवढी जागा दिली नाही.

आजचं अ‍ॅनिमेशन तांत्रिकदृष्ट्या सरस आहे, यात वाद नाही. पण ‘ऑगी अँड द कॉकरोचेस’ बघा. मूळ फ्रेंच मालिका जवळपास मुकी. सगळी गंमत हालचालींत आणि वेळ साधण्यात. हिंदीत ऑगी या मांजराच्या तोंडी शाहरुख खानची नक्कल बसवली, त्याच्या भावाच्या, जॅकच्या तोंडी सनी देओलची. पोरं हसतात, पण नटाच्या लकबीला. मांजर नावापुरतं उरतं.

मराठीला हे साधत नाही असं नाही. उमेश कुलकर्णी दिग्दर्शित ‘वळू’मध्ये (2008) डुरक्या नावाचा मोकाट वळू एक शब्द बोलत नाही. त्याला पकडायला वनाधिकारी येतो आणि त्या निमित्ताने गावातलं राजकारण, हेवेदावे, बढाया सगळं उघडं पडतं. वळू वळूच राहतो, हास्यास्पद होतात माणसं. नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्यात पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. प्राण्याशी असं नातं असलेल्या मुलखात गोष्टींना तोटा नाही.

तोटा आहे लिहिणाऱ्यांचा आणि त्यांच्यावर पैसा लावणाऱ्यांचा. नव्वदीतल्या त्या मालिका चित्रांत कच्च्या होत्या, आवाजात आणि पात्रांत पक्क्या. मराठी वाहिन्यांनी आयात कार्टूनांवर मराठी संवाद चिकटवणं थांबवून एक तरी जनावर स्वतः घडवावं. शेरखानाला मराठी माणसाचा आवाज मिळाला, तो हिंदीत. मराठीत त्याच्या तोडीचं पात्र अजून लिहिलं जायचं आहे.