नावानिशी गाणं

बंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलावरची वर्दळ रात्री उशिरा ओसरली, की मी मोबाइलवर एखादी जुनी मैफल लावतो. परवा मालकंस लागला होता. तानपुऱ्यामागे टेपची खरखर, समेवर कुणाची तरी मनापासून आलेली दाद. रागाचं नाव होतं, गायकाचंही होतं. पण इतका नेटका ठेका धरणारा तबलजी कोण, हार्मोनियमवर कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फुकट संगीताचा नैतिक प्रश्न मला इथपासून सुरू होताना दिसतो.

अशा मैफली जपणाऱ्या रसिकांचं आपल्यावर ऋण आहे. 78 आरपीएमच्या तबकडीत राग जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत आटपावा लागे. ख्यालाची सावकाश होणारी बढत पुढच्या पिढ्यांच्या कानी पडली, ती मैफलीत टेपरेकॉर्डर घेऊन बसणाऱ्यांमुळे. कंपन्यांनी कधी न काढलेलं हे गाणं इंटरनेटवर आलं, याचा मला आनंदच आहे. पण गोव्याच्या गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला सहजी राजी होत नसत. आपली तहान कितीही खरी असली, तरी कलावंताच्या नकाराचं वजन तिने कमी होत नाही.

हयात कलावंतांच्या बाबतीत तर मला शंकाच वाटत नाही. स्टुडिओचं भाडं, साथीदारांचं मानधन पदरचं घालून एखादी तरुण गायिका अल्बम काढते. तो विकत मिळत असताना सगळाच्या सगळा ग्रुपवर टाकणं ही रसिकता नव्हे, तिच्या कष्टाच्या मिळकतीला लावलेला हात आहे.

कायदा इथवर हळूहळू पोचला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला, तो 1994 च्या दुरुस्तीने. आज त्याची मुदत 50 वर्षं आहे. 2012 च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीबरोबर आणखी एक हक्क दिला: सादरीकरणासोबत कलावंताचं नाव घेतलं जाण्याचा. पैसे घेऊन बाकीचे हक्क दुसऱ्याला दिले, तरी हा त्याच्याकडेच राहतो.

नाव घेण्याची रीत मात्र कायद्याहून जुनी आहे. 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गायिका गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं, म्हणून ही रीत होती. आमच्या हेब्बाळात तर सुमारे 750 सालचा वीरगळ सापडला. किट्टय्या नावाचा वीर आज आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी त्याचं नाव दगडात कोरलं. मोबाइलवर दोन ओळी लिहायला तेवढेही कष्ट नाहीत.

तो मालकंस मला मित्रांना पाठवायचा होता, पण अजून पाठवलेला नाही. जुन्या जाणत्यांकडे तबलजीची चौकशी करतो आहे. नाव कळलं, की गाण्याबरोबर तेही जाईल.