पिढीचक्राचा सिद्धान्त आणि भिलाईचा सेक्टर 10

विल्यम स्ट्रॉस व नील हाउ यांनी ‘द फोर्थ टर्निंग’ (1997) या ग्रंथात इतिहासाचे सुमारे ऐंशी वर्षांचे, चार पर्वांचे चक्र मांडले. मांडणी आकर्षक आहे. परंतु तिच्यातील पिढी मुख्यतः जन्मवर्षांच्या पट्ट्यावरून ठरते. भिलाईच्या सेक्टर 10 सारख्या कारखान्याच्या वसाहतीत हा निकष अपुरा पडतो. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखाना उभा राहिला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि अनेक भाषांची कुटुंबे शेजारी झाली. गावी राहिलेल्या समवयस्कांच्या वाट्याला हा अनुभव आला नाही. येथील पिढी घडली ती नोकरीवर रुजू होण्याच्या काळाने. समवयस्कता व समान अनुभव यांतील भेद कार्ल मानहाइमने 1928 मध्येच दाखविला होता. मराठीतही ‘साठोत्तरी’ म्हणताना बाबूराव बागूल (जन्म 1930) आणि नामदेव ढसाळ (जन्म 1949) एकत्र येतात. स्ट्रॉस-हाउंच्या हिशेबात मात्र एवढ्या अंतरात जवळजवळ एक पर्व सरते.